मोडायचं कोणी?

मराठीत 'आस' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे इच्छा, आणि दुसरा म्हणजे ज्याच्यावर चाक फिरतं तो गाडीचा दांडा. ज्यांनी कोणी हा शब्द रूढ केला त्यांच्या दारात जीपगाडी नसणार, पण माणसं जाणती असावीत. कारण दोन्ही आस बाहेरून दिसत नाहीत, दोन्हींवर सगळा गाडा चालतो, आणि दोन्ही जाड करायला घेतल्या की घरातले पैसे संपतात.

माझा धाकटा मेहुणा वारूळवाडीला असतो. वारूळवाडी म्हणजे नारायणगावला अगदी खेटून असलेलं गाव. नारायणगाव प्रसिद्ध आहे ते तमाशासाठी आणि टोमॅटोसाठी. दोन्ही धंद्यांत माणसाचं नशीब कधी रंगेल आणि कधी पडदा पडेल, सांगता येत नाही. 2023 च्या जुलैत टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली, तेव्हा मेहुण्याचं रंगलं. त्याने आधी कर्ज फेडलं (मी बँकेतला कारकून, म्हणून हे आधी सांगतो), मग बहिणीला साडी घेतली आणि उरलेल्या पैशांत एक जुनी, चारही चाकं ओढणारी जीप दारात आणून उभी केली. रविवार आला की डांबरी रस्ता सोडून जुन्या गाडीवाटेने, चिखलातून आणि धोंड्यांवरून ती हाकायची, हा त्याचा छंद.

"अरे, रस्ता असताना धोंड्यांवरून कशाला?" मी एकदा विचारलं.

"दाजी, रस्त्यावरून काय, एस. टी.सुद्धा जाते!"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

तर जीपला त्याने मोठे टायर घातले. टायर मोठा झाला की तो फिरवायला अ‍ॅक्सलला जोर जास्त लावावा लागतो. त्यात एखादं चाक धोंड्यात अडकलं की सगळा पीळ त्या बिचाऱ्या दांड्यावर. तेव्हा मिस्त्री म्हणाला, अ‍ॅक्सल जाड घाला. मेहुण्याने लगेच मला व्याख्यान दिलं. जीप कंपनीच्या रँग्लरचा जो रुबिकॉन नावाचा प्रकार आहे, त्याला म्हणे पुढे आणि मागे दोन्हीकडे 'डाना 44' जातीचे दणकट अ‍ॅक्सल असतात. आणि रँग्लरची जुळणी तर 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, रांजणगावला सुरू झाली. म्हणजे गणपतीच्या गावची गोष्ट, तिला नाही कसं म्हणायचं?

आम्हां कॉमर्सवाल्यांना शिकवलेलं असतं, की मोडल्या जागी तसाच भाग बसवला तर तो महसुली खर्च आणि पहिल्यापेक्षा वरचढ बसवला तर भांडवली. मेहुण्याच्या मते हा खर्च भांडवली होता. मी म्हटलं, "भांडवली खर्चातून काही निघावं लागतं." तो म्हणाला, "निघतो की, आनंद." आनंद ताळेबंदात कोणत्या बाजूला लिहायचा, हे बी. कॉम.च्या तिन्ही वर्षांत मला कोणी सांगितलेलं नाही.

मग मी कायद्याकडे वळलो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की कारखानदाराने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. मेहुण्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दाजी, चहा घेणार?"

न्यायालयाला जे जमलं नाही ते सासूबाईंनी केलं. अंगणात मिस्त्री हिशेब सांगत होता. सासूबाई शेंगा निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"आख जाड केल्यावर तो मोडायचा नाही ना?"

"अजिबात नाही, आजी."

"मग मोडंल काय?"

मिस्त्री जरा थांबला. "तसं झालं तर... क्रॉस जॉइंट जाईल."

"आन् त्यो जाड केला तर?"

"मग पुढचा ट्रान्सफर केस."

"त्योबी केला तर?"

"मग गिअरबॉक्स."

"आन् त्यो?"

मिस्त्रीने मेहुण्याकडे पाहिलं. "मग काय, ड्रायव्हर."

वाचकहो, मी बँकेत वीस वर्षं काढली आहेत, पण 'वर्ग करणे' या क्रियेचं इतकं स्वच्छ निरूपण ऐकलं नव्हतं. एका खात्यातून रक्कम दुसऱ्या खात्यात वर्ग केली म्हणून काही देणं फिटत नाही. फक्त पहिलं खातं टापटीप दिसतं. तसंच हे. भाग मजबूत केल्याने धक्का नाहीसा होत नाही, तो शेजाऱ्याच्या नावावर पडतो. शिवाय जाड अ‍ॅक्सलच्या मधला गोळाही मोठा. तो खाली लोंबतो, धोंड्याला आपटतो. म्हणून टायर आणखी मोठे. ते फिरवायला अ‍ॅक्सल आणखी जाड. इथे दोन्ही आस एक होतात आणि शब्दकोशाचं काम संपतं.

आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो की माणसानं कणखर व्हावं, मोडू नये. पण आपण मोडलो नाही तर आपल्यानंतर कोणाचा नंबर आहे, हे कोणी बघत नाही. आमचे सासरे कणखर होते. टोमॅटोला तोडणीचाही खर्च निघेना म्हणून लोकांनी माल रस्त्यावर ओतला, असे हंगाम त्यांनी पाहिले. त्या दिवसांत ते चकार शब्द बोलले नाहीत. वेळेवर जेवले, वेळेवर झोपले. गाव म्हणायचं, गडी म्हणजे पोलाद. खरंच होतं. पण हंगाम संपेपर्यंत सासूबाईंचे केस पांढरे झाले आणि त्यांची झोप गेली ती अजून आलेली नाही. पोलादाची तारीफ करताना त्याला लागून काय बसवलेलं आहे, तेही विचारावं.

मग उपाय काय? तो सासूबाईंच्याच गोठ्यात उभा होता. ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरला, जिथून जोर येतो तिथे, एक साधा बोल्ट असतो. जमिनीत दगड अडकला की तो तुटतो. तुटण्यासाठीच तो घातलेला असतो. थोड्या पैशांचा बोल्ट जातो आणि हजारोंचा गिअरबॉक्स वाचतो. शेतकरी शिवी देतो, खिशातून दुसरा बोल्ट काढतो, बसवतो आणि पुढे जातो. एखाद्या हुशार माणसाने तिथे पोलादी, न तुटणारा बोल्ट घातला, तर त्याची हुशारी पहिल्या दगडापर्यंतच टिकते.

जुन्या काळी नाणेघाटाने हे वेगळ्या रीतीने सोडवलं होतं. सातवाहनांच्या काळी या घाटातून कोकणाकडे माल जाई, तो जनावरांच्या पाठीवरून. त्या दगडी चढणीवर चाकाला कामच नव्हतं. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे, त्यात दान दिलेल्या गाई आणि नाणी आकडे घालून मोजलेली आहेत. माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. म्हणजे हिशेब चोख होता, व्यापार चोख होता, आणि अ‍ॅक्सल एकही नव्हता. बैल थकला की बसतो. त्याला कणखरपणाचे धडे कोणी दिलेले नसतात, म्हणून त्याचा बोल्ट जागच्या जागी असतो. तो बसला की मालकालाही सावलीत बसावं लागतं.

मेहुण्याने शेवटी जुनाच अ‍ॅक्सल ठेवला, टायर एक माप उतरवले आणि मागच्या सीटखाली एक जादा शाफ्ट बांधून घेतला. मोडला तर बदलायचा. भाव पडला की आता तो बापासारखा गप्प बसत नाही. जीप काढतो, माळावर जाऊन मोठ्याने ओरडतो आणि चिखलाने माखून जेवायला येतो. सासूबाई त्याला रागावतात, पण ताट वाढून ठेवतात.

माझ्याकडे जीप नाही. मार्चअखेरीचं काम वाढलं की मी स्वयंपाकघरात जाऊन एक पेला आपटतो. सौ.ला हे तत्त्वज्ञान मान्य आहे. तिची अट एवढीच, की बोल्ट स्वस्तातला हवा, म्हणून पेला स्टीलचा असावा.