कुणी विचारले का?



रिसोड तालुक्यातल्या एका आईने मला विचारले, "फादर, लेकराला ऐकू येत नाही. वसतिगृहाच्या शाळेत ठेवू का? माह्याबिगर झोपत नाही ते."

मी चटकन 'हो' म्हणणार होतो. या सेवेचा ख्रिस्तसभेला अभिमान आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये फादर द लेपे यांना दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या आणि त्यातून बहिऱ्यांची शाळा उभी राहिली. हातवारे ही भाषा होऊ शकते, हे त्यांनी मानले. १८८०च्या दशकात मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांनी मूकबधिरांची शाळा काढली.

परंतु १८८० सालीच मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली. अध्यक्ष फादर ज्युलिओ तार्रा, तेही बहिऱ्या मुलांचे शिक्षक. खुणांची भाषा वर्गातून काढावी, मुलांना तोंडानेच बोलायला शिकवावे, असे ठरले. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते! हेतू वाईट नव्हता. म्हणूनच प्रश्न अवघड आहे: ज्याचे भले करायचे त्याला न विचारता केलेले भले, भले ठरते का? त्या परिषदेच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडले. अंधांचेही तसेच. पॅरिसच्या अंधशाळेतल्या लुई ब्रेलने १८२४ साली, पंधराव्या वर्षी, ठिपक्यांची लिपी रचली. शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये, तो वारल्यावर दोन वर्षांनी.

आपला प्रभू मात्र आंधळ्या बार्तिमयाला, तुला काय हवे, असे आधी विचारतो. संत मार्कच्याच शुभवर्तमानात (७:३१-३७) तो बहिऱ्याला गर्दीतून बाजूला नेतो, कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो. शब्द नंतर, खुणा आधी.

वर्गात बंदी असतानाही अनेक ठिकाणी मुले वसतिगृहात एकमेकांशी हातांनीच बोलत राहिली. घरी एकटे पडलेले बहिरे लेकरू तिथे पहिल्यांदा गप्पा मारते. हे मी त्या आईला सांगितले. लेकराला शाळा दाखवा, तिथल्या मुलांत दोन दिवस राहू द्या, त्याचा चेहरा बघा, असेही म्हटले.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिथं ते हातानं बोलाले शिकंन. मंग सुट्टीत घरी आल्यावर मले कसं समजंन? मले कोन शिकवंन?"

याचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते. पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही दोघे त्या शाळेतल्या शिक्षिकेला भेटणार आहोत. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी सोबत यावे.