बारा मॅगझिनं

काश्मीरच्या डोंगरात राष्ट्रीय रायफल्सची एक कंपनी होती. बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली, त्यामुळे निम्मी पोरं सातारा, कोल्हापूर, बेळगावकडची. कंपनीच्या कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, एक आर्मरर हवालदार होता. पोरं त्याला उस्ताद म्हणत. हत्यार बिघडलं की त्याच्याकडे न्यायचं आणि तो सांगेल ते ऐकायचं, अशी रीत पडून गेली होती.

याच कंपनीत दोन जवान होते, एक पाटणचा आणि एक गडहिंग्लजचा. दोघं एका तंबूत राहायचे, एका ताटात जेवायचे आणि रोज एकाच विषयावर भांडायचे. दोघांकडे एके रायफली. पाटणच्याच्या पाउचमध्ये सहाच्या सहा मॅगझिनं पोलादी, गडहिंग्लजच्याकडची सहाच्या सहा पॉलिमरची.

पाटणच्याच्या घरात फौज तिसऱ्या पिढीत आलेली. आजोबांनी १९७१ ला एसएलआर वापरली होती आणि तिचं वीस गोळ्यांचं लोखंडी मॅगझिन कसं दगडावर आपटलं तरी चालायचं, हे नातवाने लहानपणापासून ऐकलेलं. तो म्हणायचा, "लोखंड ते लोखंड. प्लॅस्टिकच्या डब्यावर जीव टाकायचा व्हय? कारगिलला काय झालं विसरलास?"

ते खोटं नव्हतं. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेने आखलेली इन्सास रायफल तेव्हा नवी होती. १९९९ च्या लढाईत उंचावरच्या थंडीने तिची अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या.

गडहिंग्लजचाही गप्प बसणारा नव्हता. "मग ऑस्ट्रियाची फौज काय येडी हाय? सत्तरच्या दशकापासून त्यांच्या रायफलीला प्लॅस्टिकचंच मॅगझिन. आल्प्सच्या बर्फात राहतात ते. आणि अमेरिकेच्या मरीननी २०१६ ला पॉलिमरचं घेतलं, ते काय बघून?" मग तो आपलं मॅगझिन पाटणच्याच्या एका हातात द्यायचा, लोखंडी दुसऱ्या हातात. रिकामं पोलादी सव्वातीनशे ग्रॅमच्या घरात, पॉलिमरचं अडीचशेच्या. सहा मॅगझिनांचा फरक पाव किलोच्या वर, कधी अर्ध्या किलोपर्यंत. चढावर तो खांद्याला कळतो. शिवाय प्लॅस्टिकला गंज नाही.

त्याचंही खरंच होतं. दोघांकडे दाखले होते आणि दाखले संपले की आवाज चढायचा.

एकदा फायरिंगच्या दिवशी दोघांच्याही रायफली अडल्या. पाटणच्याचा बोल्ट पुढे आला, पण आत गोळीच आली नाही, ट्रिगर ओढला तर नुसतं टक्. गडहिंग्लजच्याची गोळी आत जाताना नाक वर करून तिरकी अडकली. शिकवलेलं दोघांच्या हातात पक्कं बसलेलं: मॅगझिन काढ, रायफल मोकळी कर, दुसरं लाव, चालू हो. काढलेलं मॅगझिन दोघांनी परत पाउचमध्ये टाकलं. संध्याकाळी रायफली साफ केल्या, सगळी मॅगझिनं भरली आणि जागच्या जागी ठेवली. पाटणचा म्हणाला, दारूगोळ्याचा लॉटच खराब दिसतोय. गडहिंग्लजच्याने गॅस ट्यूबला दोष दिला. आपल्या मॅगझिनाचं नाव दोघांपैकी एकानेही काढलं नाही. एकमेकांच्या मॅगझिनाचं मात्र दोघांनीही काढलं.

पुढच्या फायरिंगला तेच झालं. मग दोघं भांडतच कोतमध्ये आले.

"उस्ताद, आता तुम्हीच सांगा. भरवशाचं कुठलं? लोखंडाचं का प्लॅस्टिकचं?"

उस्तादाने हातातलं काम खाली ठेवलं. "बाराच्या बारा मॅगझिनं घेऊन या. रिकामी करून."

मॅगझिनाचं काम ऐकायला फार सोपं वाटतं. एक डबा, त्यात तीस गोळ्या, खाली स्प्रिंग, स्प्रिंगवर गोळ्यांना वर ढकलणारा फॉलोअर, वर गोळीला धरून ठेवणारे दोन ओठ. पण एके रायफल मिनिटाला सहाशेच्या वेगाने चालते, म्हणजे सेकंदाला दहा गोळ्या. बोल्ट मागे जाऊन पुढे येईपर्यंत स्प्रिंगने सगळा ढीग वर ढकललेला पाहिजे आणि पुढची गोळी ओठांखाली नेमक्या उंचीवर, नेमक्या कोनात हजर पाहिजे. ओठ थोडे फाकले तर गोळी नाक वर करते. फॉलोअर क्षणभर अडला तर बोल्ट रिकामाच पुढे जातो. रायफलीच्या तक्रारींत मॅगझिनाचा वाटा किती मोठा असतो हे आर्मरर जाणतो. बाकीचे लोक रायफलीकडे बघतात, कारण डोळ्यांत भरते ती रायफल.

उस्तादाने पोलादी मॅगझिनं घेतली. एकेकाचा फॉलोअर अंगठ्याने तळापर्यंत दाबायचा आणि अंगठा सावकाश सोडत वर येऊ द्यायचा, एकदा पुढच्या टोकावर दाब देऊन, एकदा मागच्या. पहिलं ठीक, दुसरं ठीक, तिसरंही. चौथ्यात फॉलोअर वर येता येता मध्येच थांबला. डबा हातावर हलकेच आपटला तेव्हा सुटला. उस्तादाने तेच परत केलं, तर या वेळी तो न अडता वर आला. तिसऱ्यांदा पुन्हा अडला.

"बघ हात लावून," तो पाटणच्याला म्हणाला.

पाटणच्याने डब्यावरून बोट फिरवलं. वरून एक तृतीयांश अंतरावर, दोन उंचवट्यांच्या मधे पोचा होता. एवढा उथळ, की डोळ्यांना दिसेना, बोटालाच लागला. रंगही उडाला नव्हता. पोचा आलेल्या डब्याचं झाकण जसं एखाद दिवशी बसतं आणि एखाद दिवशी रुसतं, तसं ते मॅगझिन चाललं होतं. उस्तादाने तळाची पट्टी सरकवून स्प्रिंग बाहेर काढली. आत विरघळलेल्या बर्फाचं पाणी गेलेलं, खालच्या वेढ्यांवर तांबूस गंज.

गडहिंग्लजच्याच्या तोंडावर हसू आलं. उस्तादाने त्याच्याकडे न बघता पॉलिमरची मॅगझिनं पुढे ओढली.

त्या मॅगझिनांच्या ओठांवर आणि रायफलीत अडकणाऱ्या खुंट्यांवर लोखंडी पट्टी होती. नुसत्या प्लॅस्टिकचे ओठ झिजतात, आणि भरलेल्या स्प्रिंगचा दाब व उन्हाची धग महिनोन् महिने सोसून हळूहळू फाकू शकतात. म्हणून चांगल्या कारखान्यात ही पट्टी प्लॅस्टिकच्या पोटात घालतात. पाच मॅगझिनं बिनतक्रार निघाली. सहाव्याला उस्तादाने टॉर्च लावला आणि दोन बोटांनी तोंड हलकेच फाकवलं. मागच्या कण्यावर, पट्टी प्लॅस्टिकात शिरते त्या कोपऱ्यात केसासारखी रेघ उघडली. बोटं काढली की मिटायची.

"ही कधीची रे?"

गडहिंग्लजचा खाली बघू लागला. गाडीतून उतरताना ते मॅगझिन तोंडावर पडलं होतं. उचलून, पुसून त्याने पाउचमध्ये टाकलं होतं.

उस्तादाने दोन्ही मॅगझिनं समोर ठेवली.

"लोखंड मार गिळतं. वाकतं आणि वाकलेलंच राहतं, वरून मात्र धडधाकट दिसतं. त्याला हातानं तपासायचं. प्लॅस्टिक मार खाऊन पहिल्यासारखं होतं, नाहीतर तडकतं. त्याला उजेडात तपासायचं. दोघांचं दुखणं वेगळं, वैद्यकी वेगळी. तुम्ही मला जात विचारायला आलात. लोखंडाच्या जातीची पाच चांगली निघाली, प्लॅस्टिकच्या जातीचीही पाच. दगा देणारं दोन्हीकडे एकेक. आणि आपल्या जातीचं म्हणून तुम्ही त्याला रोज भरून परत पाउचमध्ये घेत होता. पोरांनो, भरवसा जातीवर ठेवायचा नसतो. ज्याच्यावर जीव टाकायचा, त्या एकेकाला पारखायचं."

"मग कारगिल?" पाटणच्याने विचारलं.

"तिथं जे तडकलं ते एका रायफलीचं, एका घडणीचं प्लॅस्टिक होतं. ऑस्ट्रियाचं चाललं तेही एका घडणीचंच. त्यावरून तुझ्या चार नंबरच्या मॅगझिनाचं काय कळतं?"

मला या गोष्टीतलं हे उत्तर सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण मोठमोठ्या फौजांनाही तेच शिकावं लागलं. ब्रिटिशांच्या एसए-८० रायफलीची मॅगझिनं सुरुवातीला फार बदनाम होती. २००० नंतर रायफल सुधारली तेव्हा नवं पोलादी मॅगझिन आलं आणि ते चांगलं निघालं. पुढे अफगाणिस्तानात ओझं कमी करायला त्याच फौजेने पॉलिमरचं घेतलं, तेही चांगलं निघालं. दोन्ही वेळा मॅगझिन कसून तपासलं होतं, म्हणून निघालं. मला कोणी निवडायलाच सांगितलं तर ओठांवर लोखंड असलेलं पॉलिमरचं मी घेईन, हलकं आहे आणि आपली खोट लवकर दाखवतं म्हणून. पण पारख न करता मिळणार असेल, तर दोन्हींतलं कुठलंच नको.

उस्तादाने पांढऱ्या रंगाची डबी काढली. "आजपासून प्रत्येक मॅगझिनाच्या तळावर नंबर. रायफल अडली की त्या मॅगझिनावर एक ठिपका. दुसरा ठिपका पडला की ते पाउचमध्ये जायचं नाही, थेट माझ्याकडं यायचं. आणि डास पळवायचं मलम लावलेल्या हातानं प्लॅस्टिक धरायचं नाही. त्यातलं डीट काही जातीचं प्लॅस्टिक खातं."

चार नंबर आणि तडकलेलं सहा नंबर, दोन्ही त्याच दिवशी कंडम झाली. रजिस्टरमध्ये नोंद झाल्यावर उस्तादाने पोलादी मॅगझिनाचे ओठ व्हाइसमध्ये दाबून चपटे केले आणि प्लॅस्टिकचं हातोडीने फोडलं, म्हणजे ते कुणाच्या पाउचमध्ये चुकूनही परत जाऊ नये.

पुढच्या महिन्यात पाटणच्याच्या दोन नंबरवर दुसरा ठिपका पडला. या वेळी त्याने दारूगोळ्याचं नाव घेतलं नाही. रेंजवरून आल्या आल्या, रायफल साफ करायच्याही आधी, ते मॅगझिन कोतच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

बदली म्हणून कोतमध्ये तेव्हा पॉलिमरचंच होतं. गडहिंग्लजचा दारात उभा राहून बघत होता. पाटणच्याने ते मॅगझिन टॉर्चपुढे धरलं, तोंड फाकवून मागचा कणा पाहिला, फॉलोअर दोन्ही टोकांनी दाबला आणि म्हणाला, "उस्ताद, तीस डमी राउंड द्या. आधी चालवून बघतो."