कुरवंजीने सांगितलेला भूगोल

पापनाशम तालुक्यातल्या मेलट्टूर गावात दरवर्षी नृसिंह जयंतीच्या सुमारास भागवत मेळ्याची नाटके होतात. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. नट सगळे पुरुष, स्त्रीभूमिकाही त्यांच्याच. नाटक प्रल्हादाचे असो की हरिश्चंद्राचे, रंगभूमीवर पहिला पाय ठेवतो तो कोणंगी, म्हणजे उंच टोपी घातलेला विदूषक. तो नाचतो, उड्या मारतो, गर्दीचा गलबला आपल्याकडे ओढून घेतो. मग मंगलगायन, मग गणपती आणि मग कथा. प्रल्हादाच्या नाटकात पुढे नृसिंह प्रकटतो. त्याचा मुखवटा पूजेतला असतो आणि तो धारण करणाऱ्याने उपवास केलेला असतो. कोणंगीच्या उड्यांनी त्या मुखवट्याचे पावित्र्य कमी होते, असे मेलट्टूरमध्ये कोणाला वाटत नाही.

ही नाटके तेलुगूत आहेत. ती रचणारे मेलट्टूर वेंकटराम शास्त्री त्यागराजांचे समकालीन. त्या काळी तंजावरचे राजे मराठी बोलत आणि प्रजा तमिळ. घरात वेगळी भाषा बोलणारी माणसे रात्रभर जागून हे नाटक पाहत आली, याचे श्रेय व्याकरणाला देता येत नाही. ते गाण्याला, अभिनयाला आणि हसण्याला द्यावे लागते.

मराठी मनात मात्र करमणुकीविषयी एक जुना संशय आहे. दासबोधातली थट्टेबद्दलची कडक भाषा आपण पाठ केली आणि रंजन म्हणजे कडू औषधावरची साखर, असे ठरवून टाकले. औषध घशाखाली उतरले की साखरेचे काम संपले! तंजावरचा इतिहास वाचताना ही समजूत टिकत नाही. तिथे समर्थांच्या शिष्यपरंपरेचे मठ होते आणि त्याच शहरात भोसल्यांचा दरबार नाटके लिहीत होता. शहाजीराजांनी (कारकीर्द 1684 ते 1712) लिहिलेली ‘लक्ष्मीनारायणकल्याण’सारखी मराठी नाटके विष्णुदास भाव्यांच्या 1843 मधल्या सांगलीच्या प्रयोगाहून सुमारे दीडशे वर्षांनी जुनी आहेत. एका नाटकात तर या राजाने पाच भाषा एकत्र नांदवल्या.

पण रंजन आणि ज्ञान यांचे नाते सर्वात स्पष्ट दिसते ते दुसऱ्या सरफोजींच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त.

कुरवंजी हा तमिळ मुलखातला लाडका नाट्यप्रकार. त्याचा सांगाडा ठरलेला असतो. नायिका चेंडू खेळताना देवाची किंवा राजाची मिरवणूक पाहते आणि प्रेमात पडते. तिचा जीव थाऱ्यावर नसताना टोपली घेऊन एक कुरत्ती येते. ही डोंगरात राहणारी, हात पाहून भविष्य सांगणारी बाई. ती आधी आपल्या डोंगराचे वर्णन करते, मग आपण कुठकुठले देश पालथे घातले ते ऐटीत सांगते आणि शेवटी नायिकेच्या हातावरची रेषा वाचते. मागून तिला शोधत तिचा पारधी नवरा येतो. बायकोच्या अंगावरचे नवे दागिने पाहून तो चक्रावतो आणि दोघांच्या सवालजवाबावर प्रेक्षक खळखळून हसतात. खुद्द सरफोजींना नायक करून तमिळमध्ये ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ लिहिली गेली आणि ती बृहदीश्वराच्या देवळात नाचली जाई.

सरफोजींनी हाच प्रकार मराठीत आणला आणि कुरत्तीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. तिच्या गाण्यांतून खंड, देश, नद्या, पर्वत ओळीने येतात. आशिया, आफ्रिका, युरोप, अमेरिका हे सगळे नायिका इंद्राणीपुढे उलगडते. राजाने भूगोलाच्या पुस्तकाला चाल लावली, इतकेच म्हणून भागत नाही. देशोदेशींचे वर्णन करण्याची जागा कुरवंजीत आधीपासूनच होती. भटकलेल्या बाईने आपले जग सांगावे, ऐकणारीने डोळे विस्फारून ते ऐकावे, ही मूळ गंमतच भूगोलाची आहे. म्हणून इथे विषय आणि खेळ वेगळे काढता येत नाहीत. युरोपचा नकाशा शिकवायला सरफोजींना कुरत्तीहून चांगला शिक्षक शोधायची गरज पडली नाही, आणि यात त्यांची खरी प्रतिभा दिसते.

हे करणारा राजा कोण, तेही पाहायला हवे. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेला, सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणणारा. आणि 1799 च्या तहाने राज्य कंपनीकडे गेल्यावर ज्याची सत्ता तंजावरच्या किल्ल्यापुरती उरली असा. पापनाशमची भातशेतीही तेव्हा कंपनीच्या महसुलात गेली होती. त्याच राजाने तंजावरात देवनागरी छापखाना काढला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथून ‘बाळबोध मुक्तावळी’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी इसाप मराठीत आणण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. नवा छापखाना हाताशी असताना राजाने कोल्हा, कावळा आणि सिंह निवडले, हे अभिमानाने सांगावे असे आहे.

पुढे उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. 1860 च्या दशकात मोरगावकर बुवा तंजावरला आले आणि त्यांच्या मराठी कीर्तनाने शहर भारून गेले. एकाच आख्यानात गाणे, निरूपण, नकला, विनोद आणि मध्येच टाळ्यांचा गजर! तंजावर कृष्ण भागवतर यांनी ही घडण आत्मसात केली आणि तमिळ हरिकथा उभी राहिली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते तमिळ हरिकथेत त्याच नावांनी गायली जातात. चांगला कीर्तनकार विनोद कुठे पेरतो, ते नीट ऐकावे. सिद्धांत अवघड होऊ लागला की तो हसवतो, कारण हसलेला श्रोता पुढचे वाक्य सावध होऊन ऐकतो. त्या हसण्याआधीचे आणि नंतरचे निरूपण वेगळे काढले, तर दोन्ही लंगडी पडतात.

महाराष्ट्रात काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 मध्ये मासिक काढले आणि त्याला बेधडक ‘मनोरंजन’ हे नाव दिले. 1909 चा दिवाळी अंक त्यांचाच. कथा, कविता, चित्रे आणि गंभीर लेख एकाच फराळाच्या दिवसांत वाचायची सवय मराठी घरांना तिथून लागली. शाळांनी मात्र ही वाट धरली नाही. तिथे गोष्ट आधी आणि ‘अभ्यास’ नंतर, अशी भिंत कायम राहिली, आणि त्याचे नुकसान मुलांनी सोसले.

पापनाशमला परत यावे, कारण विसाव्या शतकातही या गावाने हीच गोष्ट दाखवली. दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम इथले. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार पापनाशम शिवन यांच्या नावातच हे गाव आहे. त्यांची कीर्तने मैफलींत गायली जात आणि चित्रपटगीते रस्त्यांवर. दोन्हींसाठी त्यांनी वेगळी लेखणी ठेवली नाही. त्यांची गाणी असलेला ‘हरिदास’ 1944 मध्ये लागला आणि मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात त्याने तीन दिवाळ्या पाहिल्या. आईवडिलांच्या सेवेकडे वळलेल्या उनाड मुलाची ती कथा मराठी प्रेक्षकाला थेट पुंडलिकाकडे नेते.

त्याआधी 1939 मध्ये सुब्रह्मण्यम यांनी कल्कींच्या कथेवर ‘त्यागभूमी’ केला. ती कथा ‘आनंद विकटन’ या विनोदासाठी नावाजलेल्या साप्ताहिकात चित्रपटातल्या छायाचित्रांसह क्रमशः छापून येत होती. शिवन यांनी त्यात संबू शास्त्रींची भूमिका केली. दलितांना आसरा दिला म्हणून बहिष्कृत झालेला हा पुजारी. नवऱ्याने टाकलेली त्याची मुलगी पुढे श्रीमंत होते आणि नवऱ्यालाच पोटगी देऊ करते. हे सगळे गाण्यांत, अश्रूंत आणि एका लहान मुलीच्या लाघवी खेळकरपणात गुंफलेले होते. या खेळाला गर्दी लोटली. ब्रिटिश सरकारने ‘त्यागभूमी’वर बंदी घातली. हुकूम हाती पडेपर्यंत मद्रासच्या गेइटी थिएटरात तो विनातिकीट दाखवला गेला.