पंगतीला वाढणं ही उपासना आहे का?



आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-७

रविवारच्या उपासनेत पाच मिनिटं अशी येतात की अर्धी मंडळी हळूच मोबाईल काढते. ती सूचनांची पाच मिनिटं. मंगळवारी महिला संघ, बुधवारी उपास-प्रार्थना, शनिवारी तरुण संघ, पुढच्या महिन्यात कापणीचा सण आहे तरी धान्य-फळं-भाज्या आणाव्यात, रक्तदानासाठी नावं द्यावीत. उपदेश झाला, दानार्पण झालं, आता आशीर्वाद मिळाला की घरी. मधेच हे ‘ऑफिसचं काम’ कशाला, असा आपला चेहरा असतो.

आजचा उतारा वाचताना लक्षात येतं की पहिल्या मंडळीतलं पहिलं मोठं अंतर्गत भांडण याच खात्यातलं होतं. ते ख्रिस्ताच्या स्वरूपावरून किंवा बाप्तिस्म्याच्या पद्धतीवरून झालं नव्हतं. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होत होती, म्हणजे चक्क यादीतला घोळ! स्थानिक, आपल्या भाषेच्या बायकांना व्यवस्थित मिळायचं आणि बाहेरून आलेल्या राहून जायच्या. मुद्दाम होत होतं असं लूक कुठे म्हणत नाही. कदाचित मुद्दाम नसेलही. वाढणारा ओळखीच्या पानाकडे आधी वळतो, एवढंच.

मग बारा जणांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आम्ही प्रार्थना आणि वचनाची सेवा सोडून वाढायला बसणं बरोबर नाही, तुम्ही सात जण निवडा. इथे मी दरवेळी अडखळतो. ‘वचन वर, जेवण खाली’ अशी उतरंड लावली का त्यांनी? कित्येक उपदेशांत हा उतारा तसाच वापरला जातो. पाळकसाहेबांना खुर्च्या लावायला सांगू नका, वगैरे.

पण उताऱ्यातले बारकावे बघा. मूळ ग्रीकमध्ये अन्नवाटपासाठी जो शब्द आहे, ‘दियाकोनिया’, तोच तीन वचनांनंतर वचनाच्या सेवेसाठी आलाय. शब्द एकच, कामं दोन. शिवाय निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, यादी त्यांच्याच लोकांच्या हातात दिली. (हा भाग आपल्या पंचकमिट्यांनी फ्रेम करून लावावा.) वाढपी निवडताना अट काय घातली? माणूस आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेला हवा. डाळ ढवळणाऱ्याला एवढी पात्रता कशाला? आणि पुढची दोन पानं उलटलीत तर तिथे कोण बोलतंय? वाढपी. सातवा अध्याय स्तेफनाचं लांबलचक भाषण आहे, आठव्यात फिलिप्प रस्त्यावर कूशी अधिकाऱ्याला वचन समजावतोय. कामाची विभागणी केली खरी, पण भिंत काही टिकली नाही.

हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना असला तरी मी तो एका अलीकडच्या मंडळीच्या निमित्ताने मांडणार आहे. विल स्मिथचा ‘द परस्यूट ऑफ हॅपीनेस’ (२००६) तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात बाप-लेक रात्रीच्या निवाऱ्यासाठी एका चर्चबाहेर रांगेत उभे राहतात. ते चर्च खरं आहे: ग्लाइड मेमोरियल, सॅन फ्रान्सिस्को, एलिस आणि टेलर रस्त्यांचा कोपरा. चित्रपटात दिसणारे पाळकही खरेच, रेव्हरंड सेसिल विल्यम्स. आपल्यातल्या कित्येकांच्या कंपन्यांची हेड ऑफिसं त्या शहरात आहेत. त्या चकचकाटाला खेटूनच टेंडरलॉइन नावाची वस्ती आहे, फुटपाथवर झोपणाऱ्यांची, व्यसनात अडकलेल्यांची. चर्च त्या वस्तीत आहे.

विल्यम्स १९६३ साली तिथे आले तेव्हा मेथडिस्ट पंथाचं ते जुनं चर्च जवळजवळ रिकामं झालेलं. टेक्सासमध्ये वाढलेला हा कृष्णवर्णीय पाळक रस्त्यावरच्या माणसांना आत घेऊ लागला. समलिंगी लोक, वेश्याव्यवसायातल्या बायका, ड्रग्जवाले, सगळे. १९६७ मध्ये त्यांनी वेदीजवळचा क्रूस उतरवला. आपणच क्रूस व्हायचं, भिंतीवरच्याकडे बघत बसायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. रविवारच्या उपासनेला ते ‘सेलिब्रेशन’ म्हणू लागले, जॅझ-गॉस्पेल गाणारा भलामोठा कॉयर उभा राहिला. आणि आठवडाभर काय? जेवण. कोविडच्या आधी दिवसाला साधारण दोन हजार ताटं, सकाळ-दुपार-संध्याकाळ, फुकट. जोडीला एचआयव्ही तपासणी, व्यसनमुक्तीचे गट, लहान मुलांची सोय, ख्रिसमसच्या आधी शिधावाटप. त्यांच्या सूचनांची पाच मिनिटं किती लांबत असतील!

यातला एक भाग मला गमतीचाही वाटतो आणि अस्वस्थही करतो. वॉरन बफे यांनी २००० पासून जवळजवळ दरवर्षी आपल्यासोबतच्या एका जेवणाचा लिलाव ग्लाइडसाठी केला. २०२२ च्या लिलावात ते जेवण १.९ कोटी डॉलरला गेलं. कोणीतरी एका जेवणाला एवढे मोजतो, म्हणून लाखो लोक शून्य मोजून जेवतात. ही कृपा आहे की विचित्र अर्थव्यवस्था, ते तुम्ही ठरवा. ताटात पडलेल्या घासाला ते माहीत नसतं.

आता खरी अडचण. २०१८ मध्ये त्या भागाच्या मेथडिस्ट बिशपनी ग्लाइडमधले पाळक काढून घेतले. पैशांचा कारभार वगैरे मुद्दे होतेच, पण धार्मिक आक्षेप सरळ होता. इथल्या रविवारी ख्रिस्ती उपासनेची मूळ अंगंच उरली नाहीत, येणाऱ्या अनेकांचा धर्म दुसरा आहे किंवा कुठलाच नाही, मग याला मंडळी कसं म्हणायचं? प्रकरण इमारतीच्या मालकीवरून कोर्टात गेलं, कारण त्या पंथाच्या नियमानुसार स्थानिक चर्चची मालमत्ता पंथासाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते. शेवटी २०२० मध्ये तडजोड झाली आणि ग्लाइड वेगळं झालं. विल्यम्स २०२४ च्या एप्रिलमध्ये, ९४ व्या वर्षी गेले. जेवण चालूच आहे.

हे वाचल्यावर आपल्या वयाच्या बहुतेकांना पटकन वाटतं की बिशप खलनायक. मला तसं वाटत नाही. त्यांचा प्रश्न खरा आहे. माझ्या कामाच्या भाषेत सांगतो, सहन करा. एखादी सर्व्हिस दुसऱ्या सर्व्हिसवर अवलंबून असते. मूळ सर्व्हिस बंद पडली तरी कॅशमुळे बराच काळ सगळं नीट दिसतं. युजरला काही कळत नाही. पण कॅश कधीतरी संपतो. पहिली पिढी प्रार्थनेतून सेवेकडे येते, दुसरी पिढी सेवेत वाढते, तिसऱ्या पिढीला विचारलं की हे का करतो आपण, तर ती म्हणते, कारण ते चांगलं असतं. चांगलं असतंच. पण ज्याच्यावर ते उभं होतं ते अजून चालू आहे का, हे तपासणं हे कोणाचं तरी काम आहे. बिशपनी ते केलं. कसं केलं त्याबद्दल वाद घाला, पण प्रश्न विचारणंच चूक होतं असं म्हणू नका.

आणि तरी, हा प्रश्न आपल्याकडे आधीच विचारून झालाय. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. तेव्हाच्या मिशनमध्ये भुवया उंचावल्या असणारच. दोन वर्षांत टिळक गेले, त्यामुळे दरबार पुढे काय झाला असता हे आपल्याला कळायचं राहिलं. पण ज्यांची भजनं आपण रविवारी डोळे मिटून म्हणतो, त्या माणसाला मंडळीचं कुंपण कुठे घालायचं हे आपल्याइतकं सोपं वाटत नव्हतं, एवढं तरी ध्यानात ठेवू.

उलट बाजूने पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं ते विधवांना शिक्षण द्यायला, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहून. पुढे सदन पुण्याला गेलं. रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार उघडं असायचं आणि काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. ग्लाइडला विचारलं गेलं, तुमच्या सेवेत धर्म कुठाय? रमाबाईंना विचारलं गेलं, तुमच्या सेवेत धर्म का आहे? दोन्हीकडे मूळ शंका एकच आहे: दिलेल्या घासाच्या मागे काय दडलंय, किंवा काय गायब झालंय.

हे सगळं आज लिहायचं कारण आमच्या तरुण संघात गेले तीन शनिवार याच विषयावर चर्चा चालू आहे, आणि ती नेहमीसारखी सौम्य नाहीये. सरकारी हॉस्पिटलबाहेर पेशंटच्या नातेवाइकांसाठी बुधवारी रात्री पोळी-भाजीची पाकिटं द्यायचं ठरलंय. प्रश्न आला की पाकिटात शुभवर्तमानाची पत्रिका ठेवायची का? एक गट म्हणतो, ठेवली नाही तर आपण एनजीओ झालो, वचनाची लाज वाटते का तुम्हाला? दुसरा म्हणतो, ज्याचा माणूस आत आयसीयूमध्ये आहे त्याच्या भुकेला पत्रिका चिकटवणं हा सौदा झाला, आणि शिवाय आजचं वातावरण माहितीये ना, उद्या कोणी व्हिडिओ काढला तर?

भीतीचा मुद्दा मी बाजूला ठेवतो. भीतीपोटी पत्रिका काढली तर तो निर्णय बरोबर असूनही चुकीच्या कारणाने घेतलेला असेल. मला योहानाचा सहावा अध्याय आठवतो. प्रभूने पाच हजारांना जेवू घातलं. आधी कोणाला काही विचारलं नाही, यादी नाही, पात्रता नाही, सगळ्यांना गवतावर बसवलं. दुसऱ्या दिवशी तेच लोक शोधत आले तेव्हा तो स्पष्ट म्हणाला की तुम्ही भाकरी मिळाली म्हणून आलात, आणि मग जीवनाच्या भाकरीविषयी जे बोलला ते इतकं कठीण होतं की पुष्कळ जण निघूनच गेले. म्हणजे त्याने वचन गाळलं नाही, पातळही केलं नाही. पण क्रम बघा. जेवण आधी पूर्ण झालं, उरलेल्या बारा टोपल्याही भरल्या. वचन दुसऱ्या दिवशी आलं, आणि ते ऐकून उठून जाणाऱ्याला जायची मोकळीक होती. गेलेल्यांकडून कालची भाकरी त्याने परत मागितली नाही.

म्हणून माझं मत असं: अवलंबन एकाच दिशेचं असावं. वाढणाऱ्याने प्रार्थनेवर अवलंबून राहावं, जेवणाऱ्याने कशावरच नाही. पाकिटात पत्रिका नको. पण आम्ही कोण हे लपवायचंही नाही, कोणी विचारलं तर सरळ सांगायचं, आणि कोणी प्रार्थना कराल का म्हणालं तर तिथेच उभं राहून करायची. ज्यांना वाटतं पत्रिकेशिवाय सेवा अपुरी, त्यांना मी एकच विनंती केलीये, की बुधवारी पोळ्या लाटायच्या आधी अर्धा तास प्रार्थना तुम्ही घ्या, कारण कॅश संपू नये याची काळजी तुम्हालाच जास्त आहे. त्यातले दोघं तयार झालेत. एक जण अजून बोलत नाही माझ्याशी.

ग्लाइड मंडळी आहे की नाही? क्रूस उतरवणं मला पटत नाही. माझा हात धजला नसता. प्रभुभोजनाच्या मेजाशिवाय मंडळी मला अर्धी वाटते. पण तिथे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हाकलून ‘ही मंडळी नव्हे’ असं म्हणायचंही धाडस माझ्यात नाही, कारण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात निवाडा ज्या यादीवर होतो, तिच्यात भूक, तहान, परकेपण, कपडे, आजार, तुरुंग एवढंच आहे, आणि ज्यांनी ते केलं त्यांनाही आपण ते कोणासाठी करत होतो हे ठाऊक नव्हतं.

या बुधवारी साठ पाकिटांचा हिशेब आहे. पुण्यातले कोणी येणार असाल तर सहाला प्रार्थना, साडेसहाला पोळ्या. लाटणं येत नसेल तर पॅकिंगला या. आणि वाटताना ओळीच्या टोकाला, भिंतीकडे बसलेल्यांकडे आधी जा, त्यांची भाषा आपली नसली तरी.

उद्याचं वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:८-१५