भाकरी, वजन आणि प्रसाद



षट्स्थलांच्या क्रमात भक्तस्थल आणि महेशस्थल यांच्यानंतर प्रसादिस्थल येते, हे आपण जाणताच. श्रद्धा जडली, निष्ठा स्थिर झाली, की शरणांनी साधकाला लगेच ध्यानाच्या गुहेत धाडले नाही. आधी त्याला ताटावर बसविले. प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य ही पुढची सारी वाट त्या ताटावरून जाते. म्हणून आहाराचा प्रश्न आला की तो वैद्याकडे ढकलून मोकळे होण्याची सोय आपल्या परंपरेने आपल्याला ठेवलेली नाही.

सुरत शहरात लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. बहुतेक घरे खानदेशातून यंत्रमागाच्या आधाराने येथे आली. महापालिकेच्या मराठी शाळांत मुले शिकली आणि आता त्यांची तिसरी पिढी मिळवती झाली आहे. तेथील भक्तांकडून अलीकडे एक प्रश्न पुनःपुन्हा येतो. ‘महाराज, वजन कमी करायचे म्हणून भाकरी, भात, साखर, बटाटा सारे बंद केले आहे. दासोहाच्या पंक्तीत प्रसाद म्हणून भाकरी आणि खीर पुढे आली तर नको म्हणावे काय? त्यात प्रसादाचा अनादर होतो काय?’ हा प्रश्न विचारणारा बहुधा मागावर उभा राहणारा नसतो. तो त्याचा मुलगा असतो. रिंगरोडच्या कापडबाजारात गादीवर किंवा संगणकापुढे दिवसभर बसणारा. बारा तासांची पाळी उभ्याने करणाऱ्या बापाने चार भाकरी पचविल्या. बसून काम करणाऱ्या मुलाला त्याच चार भाकरी पोटावर दिसू लागल्या. त्यात हे सुरत शहर. ‘सुरतनुं जमण ने काशीनुं मरण’ असे गुजराती माणूस अभिमानाने सांगतो. सकाळी लोचो आणि खमण, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडव्याला तुपातली घारी, थंडीत उंधियू. येथे काटा वर गेला तर त्यात आश्चर्य ते काय?

प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी वैद्यक काय म्हणते ते ऐकले पाहिजे, कारण अज्ञानातून दिलेला धर्मनिर्णय दोन्हीकडून खोटा ठरतो. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे सत्तर ग्रॅम पिष्टमय भाग असतो, तांदळात त्याहूनही अधिक. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार (२०२५) आपण भारतीय लोक आपल्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून घेतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात तर केवळ धान्यांतून येणारे उष्मांक ४५ टक्क्यांपर्यंत आणावेत असे म्हटले आहे. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा ताटातील धान्य थोडे कमी करा आणि डाळ, दही, भाजी वाढवा, असे सांगणारा डॉक्टर आपला शत्रू नव्हे.

मात्र हा मार्ग नवा आहे आणि चमत्काराचा आहे, असे जे सांगतात ते खरे नाही. विल्यम बँटिंग नावाच्या लंडनच्या एका गृहस्थाने पाव, साखर, बटाटे, बियर सोडून वर्षभरात सुमारे वीस किलो वजन उतरविले आणि १८६३ मध्ये त्यावर एक पुस्तिका काढली. त्याचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा होता. इतरांच्या देहाची मापे घेता घेता त्याला स्वतःच्या मापाची चिंता लागली असावी. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेच्या डॉ. ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने तेच पुन्हा जगभर नेले. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो, त्याचेही कारण साधे आहे. यकृतात आणि स्नायूंत साठविलेली साखर शरीर वापरून टाकते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडते. गेले ते पाणी. चरबी जाण्यास महिने लागतात. अमेरिकेत ६०९ लोकांवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी कर्बोदके कमी केली होती आणि निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ. पहिल्यांचे सरासरी सहा किलो उतरले, दुसऱ्यांचे पाच किलोंहून थोडे अधिक. हा फरक शास्त्रज्ञांनी फरक म्हणून धरलाच नाही. दोन्ही गटांना साखर, मैदा आणि कारखान्यातले खाणे टाळण्यास सांगितले होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडील जुन्या वैद्यांनीही स्थूलतेचा विचार केला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांची चर्चा आहे. तेथे स्थूल माणसासाठी जव, सावा, कोद्रव, मूग, कुळीथ यांबरोबर ‘जूर्णाह्व’ नावाचे धान्य सांगितले आहे, आणि त्याचा अर्थ ज्वारी असा केला जातो. हे वाचून भाकरीचे अभिमानी हर्षभरित होतील, म्हणून लगेच सांगितले पाहिजे की वर उल्लेखिलेल्या २०२५ च्या पाहणीत, एकूण पिष्ट कमी न करता नुसता तांदूळ-मैदा जाऊन कणीक वा भरड धान्य आले, तर मधुमेहाच्या धोक्यात घट दिसली नाही. चार भाकऱ्या त्या चारच. जोंधळ्याचे नाव घेतल्याने त्या दोन होत नाहीत.

आता मूळ प्रश्न. शरणांच्या भाषेत ‘पदार्थ’ आणि ‘प्रसाद’ हे दोन वेगळे शब्द आहेत. शेतातून, बाजारातून, चुलीवरून जे येते तो पदार्थ. इष्टलिंगाला अर्पण होऊन जे परत येते तो प्रसाद. या रूपांतरात पदार्थाची जात बदलत नाही, वजन बदलत नाही. घेणाऱ्याचा भाव बदलतो. मग प्रसाद मापाने मोजता येईल काय? चतकोर भाकरी अर्पण करून घेतली तर तो चतकोर प्रसाद होत नाही, पूर्णच होतो. आणि चार भाकऱ्या अर्पणाविना पोटात गेल्या तर तो चार वेळा पदार्थच. म्हणून मी त्या तरुणांना सांगतो की कमी घेण्याने प्रसादाचा अनादर होत नाही. एक घास घ्या, मस्तकी लावा आणि पुढे हात आडवा करा.

पण अनादर होतो तो दुसऱ्या ठिकाणी, आणि त्याविषयी मला अधिक बोलावयाचे आहे. आजकाल हा आहार पाळणारी मंडळी नुसते ‘मला नको’ म्हणत नाहीत. ‘धान्य म्हणजे विष आहे’ असे म्हणतात. तीस वर्षे पहाटे उठून, तव्यावर हात भाजून घेत जिने भाकरी थापली त्या आईसमोर हे म्हणतात. ती माऊली काय ऐकते? आपण लेकराला जन्मभर विष भरविले, एवढेच ती ऐकते. तिला उत्तर देता येत नाही. ती दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पनीर आणते. तैत्तिरीय उपनिषदाने अन्नाची निंदा न करणे हे एक व्रत मानले, आणि अन्न झिडकारू नये हे दुसरे. आपली परंपरा वैदिक कर्मकांडापासून दूर राहिली तरी ही गोष्ट आपल्या पंक्तीत शब्दाविना पाळली जाते: ताटातला कण टाकीत नाहीत, ताट धुऊन ते पाणीही घेतात. कमी खाणे ही प्रकृतीची गरज आहे. अन्नाला विष म्हणणे ही वाणीची चूक आहे. तुमच्या रक्तातील साखर वाढली, तर तो तुमच्या बसण्याचा, वयाचा, वंशाचा आणि मापाचा प्रश्न आहे. त्याचा गुन्हा जोंधळ्याच्या कणसावर का लादता?

या संदर्भात आयदक्की लक्कम्माचे स्मरण होते. तिचे पती मारय्या कल्याणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणीत. तेच त्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्माने विचारले, हे अधिक कशाला? आणि जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास सांगितले. घरात दारिद्र्य होते, जंगमांना जेवू घालावयाचे होते, तरी तिने आजच्या गरजेपलीकडचा दाणा उंबरठ्याच्या आत येऊ दिला नाही.

एका चतुर भक्ताने यावर मला म्हटले, ‘मग महाराज, आम्हीही तेच करतो, गरजेपेक्षा अधिक पिष्ट घेत नाही.’ बोलणे विनोदाचे होते, पण टाकून देण्यासारखे नाही. बसून काम करणाऱ्याने चौथी भाकरी नाकारणे हे खरोखरच लक्कम्माच्या वाटेवरचे पाऊल आहे. फक्त तिने परत पाठविलेला तांदूळ इतरांच्या मुखी जाण्यासाठी मोकळा झाला. तुमच्या ताटातून निघालेली भाकरी कोठे गेली? आणि तिच्या जागी बदाम, अक्रोड, पनीर, बदामाचे पीठ, डबाबंद चूर्णे आली असतील, तर देह हलका झाला आणि बाजाराची पिशवी तिप्पट झाली. याला मी गरजेचे माप म्हणणार नाही. खरी गरज वाढली तर खर्च करावाच लागतो. औषधालाही पैसे लागतात. पण आपल्या शाकाहारी घरात मुगाची उसळ, हरभरा, ताक, शेंगदाण्याची नि जवसाची चटणी, अंबाडी-मेथीची भाजी हे सर्व आहेच. भाकरी अर्धी करून पिठले आणि भाजी दुप्पट घेण्यास परदेशी डब्याची आवश्यकता नाही. डाळींतही पिष्ट असते, म्हणून काही कट्टर मंडळी त्याही सोडतात. तो अतिरेक शाकाहारी माणसाला परवडणारा नाही, प्रथिने मग आणावयाची कोठून?

त्याच सुरतेत, त्याच लिंबायतमध्ये, ज्याच्यासाठी हा सारा विचारच अपुरा आहे असा माणूसही राहतो. सरकारच्या योजनेतून पात्र कुटुंबाला माणशी दरमहा पाच किलो धान्य फुकट मिळते. डाळ, दूध, भाजी मात्र पदरच्या पैशाने घ्यावी लागते. म्हणून त्याचे ताट भाताने आणि पोळीने भरते. तो आवडीने पिष्टमय खात नाही. जे हाती पडते ते खातो, आणि मधुमेह त्यालाही गाठतो. त्याला ‘भात सोड’ म्हणणे सोपे आहे. भाताच्या जागी काय, याचे उत्तर त्याच्या खिशात नाही.

घरातील वडीलधाऱ्यांनाही दोन शब्द. आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचे लक्षण मानतात. ‘एवढ्याने काय होते’ म्हणून खिरीचा डाव ताटात ओततात, आणि मग ताटात टाकणे पाप म्हणून तो बिचारा गिळतो. हे प्रेम आहे की बळजोरी? लिंगाला अर्पण करताना बळजोरी चालत नाही, मग लिंगधारी देहावर ती कशी चालते? उलट, ज्याने नियम धरला आहे त्याने त्याची दवंडी पिटू नये. आपल्या महाराष्ट्रात उपवासाची थट्टा ‘एकादशी दुप्पट खाशी’ अशी केली जाते. साबुदाणा तर निव्वळ पिष्टच. ती थट्टा आपण हसत ऐकतो आणि स्वतः मात्र दर चार माणसांत काट्याचा आकडा सांगतो. व्रत जेव्हा सांगण्यासाठी होते तेव्हा पोटावरची चरबी उतरते आणि ‘मी’वरची चढते. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळा जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघर नेली. ती कोणाला मानवते, कोणाला नाही, तो वैद्यांचा वाद आहे. पण त्यात भाकरी वाळीत टाकलेली नाही, घरच्या सर्वांबरोबर त्याच पातेल्यातले खाता येते, एवढे मला त्यात बरे वाटते. एका घरात दोन चुली मांडण्याची वेळ यावी, आणि दुसरी चूल नेहमी सुनेने किंवा आईनेच पेटवावी, हा कोणता नियम? नियम ज्याचा, कष्ट त्याचे. भाजी निवडून चिरून द्यावी, उसळ स्वतः भिजत घालावी.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्या भक्तांनी मनाने काहीही सुरू करू नये. औषध तेवढेच ठेवून अन्न एकदम तोडले तर साखर धोक्याइतकी खाली जाते. काही नव्या गोळ्यांबरोबर असा आहार घेतल्यास साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठून रुग्णालयात जाण्याची वेळ येते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती भगिनींनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये.

राहिला दासोह. सुरतेतील जे भक्त पुण्यतिथीला, जयंतीला पंक्ती घालतात त्यांना माझी विनंती आहे. दोन गोड पदार्थ असतील तर एक करावा. त्या खर्चात मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, पालेभाजी आणि ताक असावे, कारण पंक्तीत कापडबाजारातला तो तरुण बसतो तसा मागावरचा कामगारही बसतो, आणि उसळ दोघांनाही हवी आहे. थंडीत पोंक, म्हणजे आपला हुरडा, बाजारात येतो. तो मूठभर असला तर सर्वांना आनंद होईल. वाढप्याने भाकरी पुढे करताना ‘घ्या’ म्हणू नये, ‘किती?’ असे विचारावे. आणि घेणाऱ्याने ताटात पडण्यापूर्वी सांगावे, पडल्यानंतर नव्हे.