काम पूर्ण झालं, असं कोण म्हणतं?

जुलै 2022 मध्ये मध्य प्रदेशातला बऱ्हाणपूर हा देशातला पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा ठरला. 15 ऑगस्ट 2019 रोजी जलजीवन मिशन सुरू झालं, तेव्हा इथल्या 1,01,905 ग्रामीण घरांपैकी फक्त 37,241 घरांत नळ होता. तीन वर्षांच्या आत बाकीच्या घरांत नळ बसवणं हे मोठंच काम. पण त्याहून मोलाची वाटते ती दाखल्याची पद्धत. खात्याने काम संपल्याचं कळवलं की गावाची नोंद नुसती 'रिपोर्टेड' म्हणून होते. 'सर्टिफाइड' व्हायचं तर ग्रामसभा भरवावी लागते, खात्याचं पूर्णत्वाचं पत्र सगळ्यांसमोर वाचावं लागतं, गावाला ठराव करावा लागतो आणि सभेचं चित्रीकरण संकेतस्थळावर चढवावं लागतं. जिल्ह्यातल्या 254 गावांनी असे ठराव केले. सरकारी कामात असं क्वचितच घडतं: ज्याच्यासाठी काम केलं, त्यानेच ते झाल्याचं सांगितलं. सरकारच्या उत्तरदायित्वाची चर्चा आपण निधी, घोषणा आणि भ्रष्टाचार यांच्याभोवती करतो. माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणाच्या सहीने निघतो? नळाच्या बाबतीत जे मान्य झालं, ते घर, पेन्शन आणि अग्निशमन यांच्या बाबतीत मान्य झालेलं नाही, आणि या तिन्ही ठिकाणी सरकार आपल्या परीक्षेचा निकाल स्वतःच लावतं.

घराचं पाहू. 'सर्वांसाठी घर' ही घोषणा करताना शहरी प्रधानमंत्री आवास योजनेने 2022 हे साल ठरवलं होतं. योजना 25 जून 2015 ला सुरू झाली, मुदत वाढत वाढत 2025 च्या अखेरपर्यंत गेली आणि त्याआधीच, 1 सप्टेंबर 2024 पासून, दुसरा टप्पा आला. मुदत वाढवणं हा गुन्हा नाही. पण 2022 चं वचन का पाळता आलं नाही, याचा हिशेब कोणी कोणापुढे मांडला? मंजूर घरं, पायाभरणी झालेली घरं, पूर्ण घरं, असे आकडे नियमित येतात. सर्वांना घर मिळालं का, याचं उत्तर त्यातून निघत नाही. 2012 साली केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरांतला घरांचा तुटवडा सुमारे 1 कोटी 88 लाख धरला होता, आणि त्याच्या आदल्याच वर्षीच्या जनगणनेत शहरांत सुमारे 1 कोटी 11 लाख घरं रिकामी आढळली होती. घरांची संख्या आणि राहायला जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कसं दिसावं? बऱ्हाणपुरात तर घर म्हणजे नुसता निवारा नाही. हे विणकरांचं शहर आहे. कित्येक कुटुंबांचा पॉवरलूम त्यांच्या घरातच चालतो, खाली माग आणि वर चूल. अशा माणसाला गावाबाहेर तीस चौरस मीटरचं घर दिलं, तर माग कुठे बसवायचा, हा त्याचा पहिला प्रश्न असणार. यादीत ते घर 'पूर्ण' असेल, पण त्याच्या दृष्टीने ते अर्धंच. ग्रामीण योजनेतही 2016 पासून सपाट प्रदेशात घरामागे 1 लाख 20 हजार रुपये दिले जात राहिले. सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी मात्र त्या वर्षावर थांबली नाही. वरचा खर्च कुटुंबाने कर्ज काढून भागवला, तरी मोबाइलवरच्या जिओटॅग केलेल्या फोटोत तो दिसत नाही.

पेन्शनच्या बाबतीत दाखला द्यावा लागतो तो म्हाताऱ्या माणसाला. निवृत्त माणूस दरवर्षी हयातीचा दाखला देतो, अंगठा उमटला नाही तर पुन्हा रांगेत उभा राहतो. त्याला मिळणारी रक्कम जगायला पुरते, असा दाखला मात्र सरकारला कधी द्यावा लागत नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ऐंशीच्या आतल्या माणसासाठी केंद्राचा वाटा 2007 पासून दरमहा 200 रुपयेच आहे. कर्मचारी पेन्शन योजनेची किमान पेन्शन 1 सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपये झाली, तिला महागाईची जोड नाही. बऱ्हाणपूरच्या लालबागेतली ताप्ती मिल ही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची गिरणी. मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबली आणि पुढेही वर्षानुवर्षं बंद राहिली. अशा गिरणीत आयुष्य काढलेल्या कामगाराला आयकराची चिंता नसते, कारण त्याचं उत्पन्न त्या पायरीपर्यंत पोचतच नाही. त्याच्या पेन्शनवर कर बसतो तो महागाईचा, आणि त्या करासाठी कुठल्या अर्थसंकल्पात मतदान होत नाही. ज्यांना आयकर लागू होतो, त्यांच्यातही एक भेद आहे. पेन्शन हा पगार धरला जातो, म्हणून नव्या करप्रणालीत पेन्शनरला 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. तो गेला की त्याच्या विधवेला मिळणारी कुटुंब पेन्शन मात्र 'इतर उत्पन्न' ठरते, आणि तिची वजावट जास्तीत जास्त 25,000 रुपये. घर तेच, औषधं तीच, येणारी रक्कम आधीपेक्षा कमी, आणि सवलत एक तृतीयांश. बहुतेकींना बारा लाखांपर्यंतच्या नव्या करसवलतीमुळे हा फरक आज जाणवणार नाही, हे खरं. तरीही या भेदामागचं कारण तिला कोणी सांगायला हवं होतं. आपली पेन्शन पतीच्या पेन्शनहून वेगळी का मोजली जाते, हे विचारण्याची जागाच तिच्याकडे नाही.

अग्निशमनाच्या बाबतीत ही उणीव थेट जिवावर बेतते. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि 10 बाळं दगावली. त्यानंतर महाराष्ट्रभरातल्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि किमान 11 रुग्ण गेले. दोन्ही रुग्णालयं सरकारी, दोन्ही एकाच राज्याची, मध्ये दहा महिने. 1 ऑगस्ट 2022 ला जबलपूरच्या एका खासगी रुग्णालयात 8 जणांचा जीव गेला, तेव्हा परवाने आणि 'ना हरकत' यांचा हिशेब पुन्हा निघाला, पण आग लागून गेल्यावर. या घटनांतून एक गोष्ट दिसते. ऑडिट झालं, ही नोंद आणि माणसं सुरक्षित आहेत, ही वस्तुस्थिती यांच्यामध्ये कोणीतरी उभं असायला हवं होतं, आणि तिथे कोणी नव्हतं. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यात इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते देते परवानाधारक संस्था, आणि तिला नेमतो, पैसे देतो तो मालकच. त्या इमारतीत झोपणारा रुग्ण, रात्रपाळीची परिचारिका, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू यांच्यापैकी कोणाचीही सही त्यावर लागत नाही. संकटकाळी बाहेर पडायच्या दाराला कुलूप आहे की नाही, हे त्या परिचारिकेइतकं नक्की कोणाला ठाऊक असणार?

बऱ्हाणपूरसाठी सगळ्यात जवळचा धडा सोलापूरचा आहे. 18 मे 2025 च्या पहाटे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली. कारखान्यातच राहणारे मालक, त्यांचं कुटुंब आणि कामगारांचं कुटुंब मिळून 8 जण गेले. सूत, कापसाचा कोंडा, तेलकट यंत्रं आणि वर माणसांची वस्ती, ही रचना बऱ्हाणपूरच्या अरुंद गल्ल्यांत घरोघरी आहे. घराचा प्रश्न आणि आगीचा प्रश्न इथे एकच होतो. माग हलवायला सुरक्षित जागा नाही, म्हणून माग घरात. आणि माग घरात आहे, म्हणून घर धोक्यात. मात्र आवास योजनेचा अधिकारी माग मोजत नाही आणि अग्निशमनवाला आवास योजनेची यादी पाहत नाही.

आता लोधीपुऱ्यासारख्या, शहराला लागून वाढलेल्या वस्त्यांचं काय? दर्गा-ए-हकीमीमुळे लोधीपुऱ्याचं नाव देशोदेशीच्या दाऊदी बोहरा समाजाला माहीत आहे. यात्रेकरू, मुसाफिरखाने आणि वाहनं यांची तिथे सतत ये-जा असते. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांच्या अखत्यारीतलं काम म्हणून नोंदलेलं आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत, त्यांत ग्रामीण घरं आहेत, पिण्याचं पाणी आहे, अग्निशमन नाही. म्हणजे हद्दीची रेघ ओलांडली की आग विझवणं हे कोणाचंच बांधील काम उरत नाही, बंब येतो तो शहराच्या नगर निगमाच्या सौजन्याने. उलट बाजूनेही तीच पोकळी आहे. गावाला ग्रामसभा आहे. शहरात प्रभाग समितीची संवैधानिक सक्ती तीन लाखांवरच्या लोकसंख्येलाच लागते, आणि 2011 च्या जनगणनेत बऱ्हाणपूर दोन लाख दहा हजारांच्या आसपास होतं. खेड्याकडे दाखला देणारी सभा आहे पण बंब नाही. शहराकडे बंब आहे पण सभा नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की ग्रामसभेचे ठराव कसे होतात ते सर्वांना माहीत आहे. रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या होतात. हे पुष्कळ ठिकाणी खरं आहे, आणि बऱ्हाणपूरच्या 254 ठरावांपैकी एकही असा नसेल, अशी खात्री मी देणार नाही. पण खोटा ठराव आणि खोटा खातेनिहाय अहवाल यांत फरक आहे. ठरावाखाली गावातल्या माणसांची नावं असतात, चित्रीकरण असतं, आणि नळ कोरडा पडल्यावर त्या माणसांना गल्लीत जाब द्यावा लागतो. खरा दोष वेगळा आहे: ठराव एका दिवसाचा असतो, नळ रोजचा. तेव्हा पेन्शनरला लावलेला नियम सेवेलाही लावावा. दरवर्षी नवा दाखला, आणि तो नाही मिळाला तर 'प्रमाणित' हा शिक्का पुसला जावा.

दुसरा आक्षेप जाणकारीचा. पंपाचा दाब, वायरिंगचा भार सामान्य माणसाला काय कळणार? तो भार तज्ज्ञानेच मोजावा. पण शहरात बंब पाच ते सात मिनिटांत आणि खेड्यात वीस मिनिटांत पोचावा, या निकषाला घड्याळापलीकडे काही लागत नाही. फोन किती वाजता गेला, पाणी किती वाजता सुरू झालं, याची नोंद केंद्राच्या फलकावर आणि वॉर्डात लावता येते. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जाब विचारण्याच्या भीतीने अधिकारी फाइल हलवणंच सोडतील. या भीतीची परीक्षा मध्य प्रदेशातच झालेली आहे. 2010 च्या लोकसेवा हमी कायद्याने मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 5,000 रुपये दंड ठेवला, आणि तो अर्जदाराला द्यायची सोय केली. त्याने प्रशासन ठप्प झालं नाही. इतर राज्यांनी तसेच कायदे केले, महाराष्ट्राने 2015 मध्ये. याउलट मध्य प्रदेशच्याच 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार चार पातळ्या चढते आणि तक्रारदार समाधानी नसतानाही ती 'फोर्स क्लोज' होऊ शकते. एकाच सरकारच्या या दोन व्यवस्था. एकीत मुदत चुकल्याचा परिणाम अधिकाऱ्याच्या खिशाला लागतो, दुसरीत तक्रार बंद करायचा अधिकार ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच व्यवस्थेकडे राहतो. निवडणुकीत लोक हिशेब करतीलच, असं म्हणणाऱ्यांनी हा फरक पाहावा. पाच वर्षांनी एका मतात रस्ता, धान्य, जात, उमेदवार आणि बंब सगळं एकत्र मोजलं जातं. बंबाचं वजन त्यातून वेगळं काढता येत नाही.

म्हणून मागणी फार मोठी नाही. 26 जानेवारी आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांत नळाच्या ठरावाबरोबर आणखी तीन नोंदी वाचल्या जाव्यात: कोणाचं घर कागदावर पूर्ण आहे पण राहण्याजोगं नाही, कोणाची पेन्शन किती महिने थकली, आणि मागच्या आगीत बंब किती वाजता पोचला. शहरात संविधानाची सक्ती नसली, तरी प्रभागसभा घ्यायला महापौरांना आणि आयुक्तांना कोणी अडवलेलं नाही. लोधीपुऱ्यासारख्या ठिकाणी निगम आणि पंचायत यांनी लेखी करार करून, हद्दीबाहेरच्या आगीला पोचण्याची वेळ, खर्च आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद ठरवून तो कागद सभेत वाचावा. त्याला नवा कायदा लागत नाही. नळाच्या वेळी जी माणसं ठराव करायला पात्र ठरली होती, तीच इथेही आहेत.