रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात अपघाताची फिर्याद वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं. चालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवलं. वर्षानुवर्षं हेच शब्द, जवळपास याच क्रमाने. मी ते पहिल्यांदा नीट वाचलं ते आमच्या शेजारच्या काकूंना दुचाकीची धडक बसली तेव्हा. पंच म्हणून सही करायला मला बोलावलं होतं.

हवालदारांनी टेप काढली. काकूंची एक चप्पल दुभाजकाजवळ पडली होती, तिचं अंतर मोजलं. घसरल्याची खूण, फुटलेला आरसा, चिरडलेली मेथीची जुडी, सगळं लिहून घेतलं. काम मन लावून केलं त्यांनी. पण रस्त्याची रुंदी कुणी मोजली नाही. झेब्रा पट्टे पावसात कधीच पुसून गेले होते, त्याची नोंद नाही. पदपथाच्या मधोमध विजेची डीपी उभी आहे आणि तिला वळसा घालायलाच काकू खाली उतरल्या होत्या, तीही कागदावर आली नाही. आपल्याकडच्या रस्ते मानकांप्रमाणे पदपथावर किमान 1.8 मीटर मोकळी वाट हवी. तिथे एक माणूस अंग चोरून जाईल एवढीही नव्हती.

दुचाकीवरचा मुलगा पळाला नाही. पाठीवर पार्सलची पिशवी, वय असेल एकवीस-बावीस. त्यानेच रिक्षा थांबवली. काकूंच्या खुब्याचं हाड मोडलं. जीव वाचला, म्हणून बातमी झाली नाही. तेव्हापासून त्या एकट्या जिना उतरलेल्या नाहीत. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 32,825 पायी चालणारी होती. जखमींची नोंद 4,43,366. या शेवटच्या आकड्यात किती घरांमध्ये अशी बाजेला खिळलेली माणसं आहेत, याचा विचार आपण करतच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष चालकाच्या आधी इतरांनी केलेलं असतं. ज्यांनी तो आखला, ज्यांनी रुंद केला, ज्यांनी डीपी तिथे बसवू दिली, त्यांनी. फिर्यादीत नाव मात्र चालकाचं येतं आणि प्रकरण तिथेच मिटतं. चालक निर्दोष असतो असं मी म्हणत नाही. 19 मे 2024 ला कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा पुणं संतापलं ते योग्यच होतं. पण त्या संतापाला कायम एक चेहरा लागतो, आणि रस्त्याला चेहरा नसतो.

पुण्यातल्याच नवले पुलाचं बघा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की पुलापर्यंत लांबच लांब उतार आहे. अवजड गाड्यांचे ब्रेक तापतात, काही चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात, आणि उताराच्या पायथ्याशी शहर गच्च भरलेलं असतं. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका अवजड वाहनाने तिथे एकामागून एक कित्येक गाड्या ठोकरल्या. 13 नोव्हेंबर 2025 ला त्याच परिसरात आठ माणसं गेली. या दोन तारखांच्या मध्ये आणि आधीही लहानमोठे किती अपघात झाले, ते तिथल्या दुकानदारांना विचारा. दर वेळी ‘ब्रेक फेल’ आणि ‘चालक ताब्यात’. चालक निराळा, गाडी निराळी, जागा तीच. एकाच पायरीवरून दहा जण घसरले तर आपण पायरी बघतो की दहा जणांच्या चपला?

सरकारी व्याख्येनुसार 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. म्हणजे आधी प्रेतं मोजायची, मग रस्ता बघायचा. पूल बांधताना आपण असं करत नाही. तो कोसळणार नाही याचं गणित आधी मांडतो.

शहरातल्या रस्त्याचंही गणित आहे, आणि ते वेगाचं आहे. ताशी 50 ने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास 14 मीटर जाते, 30 ने जाणारी आठ-साडेआठ. समोर माणूस दिसून पाय ब्रेकवर जायला तो एक सेकंद जातोच. धडकेचा जोर तर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून 30 च्या जागी 50 झाले की तो पावणेतीन पटीच्या पुढे जातो. स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये हे गणित धोरण म्हणून स्वीकारलं: माणूस चुकणारच, पण चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये. हेलसिंकीत निम्म्याहून जास्त रस्त्यांवर 30 ची मर्यादा आहे. जुलै 2025 पर्यंतच्या वर्षभरात त्या शहरात रस्त्यावर एकही माणूस मेला नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की आधीच कोंडी, त्यात 30 ची मर्यादा म्हणजे शहर ठप्प. वाहतूक मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या 2024 च्या पाहणीत पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी 33 मिनिटं लागत होती. म्हणजे आपण ताशी 18 नेच जातो आहोत. दोन सिग्नलांच्या मध्ये जे 60 गाठलं जातं, त्याने कुणी लवकर पोचत नाही, पुढच्या लाल दिव्यापाशी थांबतो फक्त. आणि नुसत्या पाटीने वेग उतरत नाही, रस्त्याने उतरवावा लागतो. पदपथाच्या उंचीला आणलेलं क्रॉसिंग, चौकातलं आवळलेलं वळण, मध्ये उभं राहायला सुरक्षित जागा, रात्री उजेड. यातलं काहीही उड्डाणपुलाइतकं महाग नाही. त्याचं उद्घाटन होत नाही, एवढीच अडचण.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आलं. मानकं न पाळल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं तर रस्ता आखणाऱ्याला, बांधणाऱ्याला, सांभाळणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम तुटपुंजी आहे, पण तत्त्व मोठं आहे: रस्ताही दोषी असू शकतो. मग पंचनाम्यात पदपथाची रुंदी, क्रॉसिंगचं अंतर आणि दिव्यांची अवस्था सक्तीने लिहिली गेलीच पाहिजे. प्रत्येक मृत्यूनंतर पोलिसांसोबत रस्ते विभागाचा अभियंता जागेवर यायला हवा, आणि त्याचा अहवाल लोकांना वाचायला मिळायला हवा.

पुणे महापालिकेत पुढच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपल्या भागातली कामं मागवण्याची पद्धत आहे. त्या अर्जात आपण बाकं लिहितो, नामफलक लिहितो. यंदा एका जागेचं क्रॉसिंग लिहा. जिथून तुमची आई भाजी आणायला जाते, तिथलं.